फेडरल सरकारला हा अधिकार आला कुठून? अमेरिकेचं व्यापार कलम वाचायला शिकताना

अमेरिकेत एखाद्या फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, कायद्यावरून वाद पेटला की आपण सहसा एवढंच विचारतो: कायदा चांगला की वाईट? तिथलं न्यायालय त्याआधी दुसराच प्रश्न विचारतं. हा कायदा करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनेच्या कुठल्या कलमाने दिला? जमिनीवर काय बांधायचं ही चर्चा सुरू करण्याआधी सातबारा काढून बघावा, तसा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळालं नाही, तर कायदा कितीही भल्याचा असो, टिकत नाही.

गेली ऐंशी-नव्वद वर्षं हे उत्तर बहुतेक वेळा घटनेच्या एकाच ओळीत शोधलं गेलं आहे. किमान वेतन, कामगार संघटनांचे हक्क, अमली पदार्थांवरची बंदी, हॉटेलांमधल्या वर्णभेदाला मनाई, हे सगळं त्या ओळीवर उभं आहे. तिला कॉमर्स क्लॉज म्हणतात. मी इथे व्यापार कलम म्हणतो. एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, तिकडे निघालेल्यांनी, तिकडे नोकरी-धंदा करणाऱ्यांनी आणि नुसत्या बातम्या नीट कळाव्यात असं वाटणाऱ्यांनीही हे कलम एकदा शिस्तीत समजून घ्यावं. कायद्याची पदवी लागत नाही. फक्त पायऱ्या गाळू नका, कारण इथला प्रत्येक निकाल मागच्या निकालांवर बोट ठेवूनच बोलतो.

पायरी १: आपल्या तीन सूच्या बाजूला ठेवा

नागरिकशास्त्रात आपण केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची पाठ केली. तिन्हींत जे बसत नाही ते शेषाधिकार, आणि भारतात ते कलम २४८ प्रमाणे केंद्राकडे जातात. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे सूची एकच, आणि ती फेडरल सरकारची. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागात काँग्रेसच्या अधिकारांची १८ कलमं आहेत: कर लावणं, नाणी पाडणं, टपाल खातं चालवणं, युद्ध पुकारणं वगैरे. घटनेने फेडरल सरकारला दिलं नाही आणि राज्यांना मना केलं नाही ते सगळं राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतं, असं १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते.

म्हणून खून, चोरी, लग्न, घटस्फोट, शाळा, जमिनीचे व्यवहार हे मुळात राज्यांचे विषय. आरोग्य, सुरक्षितता आणि लोककल्याणासाठी कायदे करण्याच्या राज्याच्या या सर्वसाधारण अधिकाराला तिथे ‘पोलीस पॉवर’ म्हणतात. पोलीस खात्याशी त्याचा थेट संबंध नाही. असा सर्वसाधारण अधिकार फेडरल सरकारला नाही. त्याला दर वेळी कलम दाखवावं लागतं.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी आणि भारतीय संघराज्य कुठे सारखं आणि कुठे वेगळं, हे उलगडून सांगितलं. आपल्या बाजूने या विषयात शिरायला ते भाषण फार चांगलं दार आहे.

पायरी २: मूळ ओळ वाचा, आणि ती का आली ते पाहा

आठव्या विभागातलं तिसरं कलम काँग्रेसला परदेशांशी, राज्याराज्यांमध्ये आणि मूळ अमेरिकन जमातींशी चालणाऱ्या व्यापाराचं नियमन करण्याचा अधिकार देतं. मूळ इंग्रजीत हे फक्त १६ शब्दांचं आहे. त्यातल्या ‘राज्याराज्यांमध्ये’ या भागाभोवती जवळपास सगळी भांडणं झाली.

याआधीची व्यवस्था, १७८१ पासून लागू असलेली, फार दुबळी होती. मध्यवर्ती काँग्रेसला व्यापाराचं नियमन करता येत नव्हतं. ज्या राज्याकडे बंदर होतं ते शेजारच्या राज्यांच्या मालावर आणि जहाजांवर कर बसवायचं, मग शेजारी उट्टं काढायचे. हा गोंधळ निस्तरायला १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला बैठक बोलावली, तर पाचच राज्यांचे प्रतिनिधी आले. त्यांनी सुचवलं म्हणून पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात अधिवेशन भरलं आणि तिथे नवी घटनाच लिहिली गेली. राज्यांनी एकमेकांचा व्यापार अडवू नये, ही निकड या ओळीच्या मुळाशी आहे. दहाव्या पायरीत ती पुन्हा कामाला येईल.

याच विभागातलं अठरावं कलमही वाचून ठेवा. दिलेले अधिकार राबवण्यासाठी ‘आवश्यक आणि योग्य’ ते कायदे काँग्रेसला करता येतात, असं ते म्हणतं. आणि सहाव्या अनुच्छेदाप्रमाणे वैध फेडरल कायदा आणि राज्याचा कायदा यांची टक्कर झाली तर फेडरल कायदा वरचढ.

पायरी ३: वही घ्या आणि १८२४ पासून सुरुवात करा

प्रत्येक निकाल वाचताना वहीत तीन ओळी लिहा. माणूस प्रत्यक्षात काय करत होता? त्याला कोणत्या कायद्याने अडवलं? राज्याची हद्द कोण किंवा काय ओलांडत होतं? तत्त्वं नंतर कळतात. आधी बोट, गहू, मांस, झाडं असली ठोस वस्तू पकडा.

पहिला निकाल गिबन्स विरुद्ध ऑग्डेन. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि रॉबर्ट फुल्टन यांना राज्याच्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायची मक्तेदारी दिली होती. आरन ऑग्डेनने तिच्याखाली परवाना मिळवला. टॉमस गिबन्सने मात्र न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनहून न्यूयॉर्कला स्वतःच्या बोटी सोडल्या. त्याच्याकडे १७९३ च्या फेडरल कायद्याखालचा किनारी वाहतुकीचा परवाना होता. ऑग्डेनच्या बाजूचं म्हणणं असं, की व्यापार म्हणजे मालाची खरेदी-विक्री. बोट हाकणं हा व्यापार नव्हे.

सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ते मानलं नाही. व्यापारात सगळी देवघेव आणि दळणवळण येतं, आणि जलवाहतूक तर नक्कीच येते, असं त्यांनी ठरवलं. शिवाय काँग्रेसचा अधिकार राज्याच्या वेशीवर थांबत नाही. राज्याराज्यांमधला व्यापार जिथवर आत जातो तिथवर तोही जातो. गिबन्सचा फेडरल परवाना जिंकला, मक्तेदारी कोसळली. पण त्याच निकालात मार्शल यांनी हेही लिहिलं की पूर्णपणे एका राज्याच्या आतला, बाहेर कुणावर परिणाम न करणारा व्यापार त्या राज्याचाच. पुढची दोनशे वर्षं दोन्ही बाजूंचे वकील याच निकालातली आपापल्या सोयीची वाक्यं काढत आले आहेत.

पायरी ४: १८९५ ते १९३७ हा पट्टा भरभर ओलांडा

या काळातले निकाल एकमेकांशी नीट जुळत नाहीत. सगळे जुळवायच्या नादाला नवशिक्याने लागू नये. एवढं धरा, की न्यायालय तेव्हा उत्पादन वेगळं आणि व्यापार वेगळा अशी रेघ मारत होतं. १८९५ च्या ई. सी. नाइट खटल्यात एका कंपनीने देशातल्या साखर शुद्धीकरणाचा ९० टक्क्यांहून जास्त धंदा ताब्यात घेतला होता. तरी साखर बनवणं म्हणजे व्यापार नव्हे, म्हणून फेडरल मक्तेदारीविरोधी कायदा तिथे पोचत नाही, असं ठरलं.

या रेघेची किंमत कुणी मोजली ते १९१८ च्या हॅमर विरुद्ध डॅगनहार्टमध्ये दिसतं. १४ वर्षांखालची मुलं राबवणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर पाठवायला काँग्रेसने १९१६ मध्ये बंदी घातली होती. नॉर्थ कॅरोलिनातल्या कापड गिरणीच्या खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा उडवला. माल स्वतः निरुपद्रवी आहे आणि मुलांना कामावर ठेवणं हा उत्पादनाचा भाग, असं कारण दिलं. न्यायमूर्ती होम्स यांचं भिन्नमत, म्हणजे बहुमताशी असहमत असल्याचं लेखी मत, आजही वाचण्यासारखं आहे.

महामंदीत ताण वाढला. १९३५ मध्ये ब्रुकलिनच्या कोंबडी व्यापाऱ्यांच्या शेक्टर खटल्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या न्यू डील या मंदीतून सावरण्याच्या कार्यक्रमातला एक मोठा कायदा एकमताने रद्द झाला. फेब्रुवारी १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयात जास्तीत जास्त सहा नवे न्यायमूर्ती नेमण्याची योजना मांडली. ती मंजूर झाली नाही. पण १२ एप्रिल १९३७ ला जोन्स अँड लाफलिन स्टील खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कामगार संघटनांना संरक्षण देणारा फेडरल कायदा उचलून धरला. पोलाद बनतं पेनसिल्व्हेनियात, पण तिथे संप झाला तर देशभरच्या व्यापाराला फटका बसतो, एवढं पुरेसं ठरलं. १९४१ च्या डार्बी निकालाने हॅमर स्पष्ट शब्दांत रद्दबातल केला.

पायरी ५: फिलबर्नच्या गव्हापाशी थांबा

इथे घाई करू नका. एक संध्याकाळ या निकालाला द्या.

ओहायोतला शेतकरी रॉस्को फिलबर्न. दुभती जनावरं, कोंबड्या आणि थोडा गहू असा त्याचा कारभार. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून १९३८ च्या फेडरल कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याला पेऱ्याची मर्यादा घालून दिली होती. फिलबर्नला ११.१ एकर मंजूर होते, त्याने २३ एकर पेरले. जादा ११.९ एकरांत २३९ बुशेल (बुशेल हे धान्याचं तिथलं माप) गहू निघाला. बुशेलमागे ४९ सेंट या दराने दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट. गव्हाचा काही भाग तो विकायचा, काही जनावरांना घालायचा, काही दळून घरी खायचा आणि उरलेला बियाण्याला ठेवायचा. वाद या घरी वापरायच्या गव्हावरून पेटला. जो गहू बाजारात जाणारच नाही, तो राज्याराज्यांमधला व्यापार कसा?

आता वहीतली तिसरी ओळ भरून पाहा. हद्द काय ओलांडत होतं? काहीच नाही.

९ नोव्हेंबर १९४२ ला न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी एकमताचा निकाल दिला: कायदा वैध. त्यांची मांडणी एकेक दुवा जोडत वाचा. घरचा गहू असला की शेतकरी तेवढा गहू विकत घेत नाही, म्हणजे बाजारातली मागणी घटते. शिवाय भाव चढले की हाच गहू बाजारात उतरू शकतो. एकट्या फिलबर्नच्या २३९ बुशेलने देशाचा भाव हलणार नाही, हे खरंच. पण त्याच्यासारख्या सगळ्यांचा घरगुती गहू एकत्र धरला तर परिणाम मोठा होतो. एकेका माणसाचा हिशेब न करता त्या प्रकारच्या सगळ्या कृतींची बेरीज करायची, हे ते सूत्र. या विषयात यापेक्षा ताकदीचं हत्यार दुसरं नाही.

अर्थशास्त्र म्हणून जॅक्सन यांचं म्हणणं मला पटतं. भाव सावरायचे असतील तर घरी खाण्याच्या गव्हाला सूट देऊन चालणार नाही. पण मग कुठलीच गोष्ट या बेरजेतून सुटत नाही, अशी शंका वाचणाऱ्याला आली पाहिजे. ती दडपू नका. न्यायालयालाही ती आली, फक्त तिला वाट मिळायला अर्धं शतक लागलं.

पायरी ६: मोटेल आणि बार्बेक्यू

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं आणि खानावळींमधल्या वर्णभेदाला बंदी घातली. समतेचं कलम चौदाव्या घटनादुरुस्तीत असताना काँग्रेसने मुख्य भिस्त व्यापार कलमावर का ठेवली? कारण १८८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की चौदावी दुरुस्ती सरकारच्या कृतीला लागू होते, खासगी मालकाच्या नाही. तो निकाल उलटवायची जोखीम घेण्यापेक्षा दुसरी वाट जास्त भक्कम होती.

हार्ट ऑफ अटलांटा मोटेलमध्ये २१६ खोल्या होत्या आणि सुमारे ७५ टक्के गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यांतून यायचं. प्रवासात मुक्कामाला जागा मिळत नाही म्हणून कृष्णवर्णीय माणसं प्रवासच टाळतात, आणि कुठे उतरता येईल हे सांगणारी वेगळी मार्गदर्शिका त्यांना बाळगावी लागते, अशा साक्षी काँग्रेससमोर झाल्या होत्या. इथे हद्द ओलांडणारी माणसं समोर दिसत होती, त्यामुळे निकाल सोपा होता.

त्याच दिवशी निकाल लागलेलं दुसरं प्रकरण जास्त अवघड: अलाबामात बर्मिंगहॅममधलं ऑलीज बार्बेक्यू. गिऱ्हाईक बहुतेक गावातलंच. कृष्णवर्णीयांना आत बसून खायला मनाई, फक्त बांधून न्यायचं. न्यायालयाने बोट ठेवलं ते मांसावर. वर्षाला घेतल्या जाणाऱ्या सुमारे दीड लाख डॉलरच्या खाद्यमालापैकी ४६ टक्के म्हणजे मांस, ते स्थानिक पुरवठादाराकडून यायचं, आणि तो ते राज्याबाहेरून आणायचा. अशा सगळ्या खानावळींची बेरीज केली की व्यापारावर परिणाम होतोच. कायदा पुन्हा एकमताने टिकला.

निकाल बरोबर होता याविषयी माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण माणसाला पंगतीत बसू न देणं का चुकीचं, याचं उत्तर मांसाच्या बिलातून काढावं लागलं, हे मला आजही टोचतं. न्यायमूर्ती डग्लस आणि गोल्डबर्ग यांनी स्वतंत्र मतं लिहिली ती याच मुद्द्यावर. या कायद्याचा मूळ हेतू मानवी प्रतिष्ठा जपणं हा आहे, असं गोल्डबर्ग यांनी नोंदवून ठेवलं. आपल्याकडे संविधानाच्या कलम १५ मध्येच दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांच्या प्रवेशाचा उल्लेख आहे. खासगी मालकालाही ते थेट बांधतं. अमेरिकन घटनेत तशी ओळ नाही, म्हणून व्यापाराच्या ओळीला ते ओझं वाहावं लागलं.

पायरी ७: लोपेझपासून आजची कसोटी उचला

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या शाळेत बारावीतला लोपेझ नावाचा एक मुलगा पिस्तूल घेऊन आला. १९९० च्या फेडरल कायद्याने शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं होतं. सरकारी वकिलांनी साखळी मांडली: बंदुकीने हिंसाचार वाढतो, त्याने विम्याचा खर्च वाढतो आणि लोक अशा भागात जायचं टाळतात, शाळेत भीती असली की शिक्षण बिघडतं, आणि शिक्षण बिघडलं की देशाची उत्पादकता घटते. मग तुमच्या हिशेबाने काँग्रेसच्या आवाक्याबाहेर उरतं तरी काय, या प्रश्नाला सरकारी बाजूला धड उत्तर देता आलं नाही. १९९५ मध्ये सरन्यायाधीश रेंक्विस्ट यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने कायदा रद्द केला. व्यापार कलमाच्या मर्यादेवर फेडरल कायदा पडण्याची जवळपास ६० वर्षांतली ही पहिली वेळ.

या निकालाने दिलेली चौकट तुम्हाला आयुष्यभर पुरेल. काँग्रेसला तीन गोष्टींचं नियमन करता येतं: व्यापाराचे मार्ग, म्हणजे महामार्ग, नद्या, तारांचं जाळं; व्यापाराची साधनं आणि त्यातून फिरणारी माणसं व माल, म्हणजे ट्रक, विमानं, खोकी; आणि ज्या कृतींचा राज्याराज्यांमधल्या व्यापारावर भरीव परिणाम होतो त्या कृती. पहिल्या दोन प्रकारांत फारसं भांडण होत नाही. तिसऱ्यात होतं, आणि तिथे चार गोष्टी तपासल्या जातात. कृती मुळात आर्थिक आहे का? गुन्हा व्यापाराशी जोडणारी अट कायद्यातच घातली आहे का? काँग्रेसने परिणामाचे पुरावे नोंदवले आहेत का? कृती आणि परिणाम यांच्यामधली साखळी फार लांबत तर नाही?

चारींत पहिली सर्वांत महत्त्वाची. २००० च्या मॉरिसन खटल्यात स्त्रियांवरच्या हिंसेच्या आर्थिक परिणामांचे पुरावे काँग्रेसने भरपूर गोळा केले होते. तरी पीडितेला फेडरल न्यायालयात भरपाईचा दावा लावू देणारी तरतूद पडली, कारण हिंसा ही आर्थिक कृती नव्हे, असं बहुमताने मानलं.

पायरी ८: सहा झाडं, आणि व्हिसावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना

लोपेझ वाचून फेडरल सत्ता आकसली असं वाटत असेल तर २००५ चा गॉन्झालेस विरुद्ध रेच लगेच वाचा. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषध म्हणून गांजाला परवानगी दिली होती. एका रुग्ण स्त्रीने घरी सहा झाडं लावली होती. काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, अधिकारी आले आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे हे रीतसर आहे असं त्यांनी ठरवलं. सोबतच्या फेडरल अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हतं. तीन तास तिढा चालला आणि शेवटी फेडरल अधिकाऱ्यांनी सहाही झाडं नष्ट केली.

सर्वोच्च न्यायालय ६ विरुद्ध ३ मतांनी फेडरल सरकारच्या बाजूने गेलं. गांजा ही बाजारात खपणारी वस्तू आहे, तिच्यावर १९७० पासून देशव्यापी कायदा आहे, आणि घरच्या झाडांची बेरीज केली तर तो कायदा पोखरला जातो. फिलबर्नच्या गव्हाचाच हा धाकटा भाऊ. भिन्नमत लिहिलं न्यायमूर्ती ओकॉनर यांनी: राज्यांना आपापले प्रयोग करू द्यायचे, ही संघराज्याची मूळ कल्पनाच यात बुडते.

यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट गंभीर आहे. आज कितीतरी राज्यांत गांजाची दुकानं उघडपणे चालतात. पण इमिग्रेशन हा फेडरल विषय आहे आणि फेडरल कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थ आहे. राज्यात कायदेशीर असलेलं सेवन, किंवा अशा दुकानातली नोकरीसुद्धा, व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जात अडचण आणू शकते. शिकायला गेलेल्या मुलांना हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. शंका असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

पायरी ९: काहीच न करणाऱ्याचं नियमन होतं का?

ओबामा यांच्या आरोग्य कायद्याने बहुतेक लोकांना विमा घेणं सक्तीचं केलं, न घेतल्यास दंड. २०१२ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की व्यापार कलम चालू असलेल्या व्यापाराचं नियमन करू देतं; जो व्यापारात उतरलाच नाही त्याला ओढून आणू देत नाही. नाहीतर उद्या भाजी खायची सक्तीही करता येईल. व्यापार कलमापुरते पाच न्यायमूर्ती याच मताचे होते. तरीही सक्ती वाचली, कारण तो दंड म्हणजे कर मानता येतो आणि कर लावायचा अधिकार वेगळ्या कलमात आहे. म्हणून एका कलमावर उत्तर नाही आलं की थांबू नका, शेजारची कलमं तपासा.

पैशाची वाटही लक्षात ठेवा. दारू पिण्याचं किमान वय देशभर २१ आहे ते थेट फेडरल बंदीमुळे नव्हे. जी राज्यं वय कमी ठेवतील त्यांचा महामार्ग निधीतला थोडा वाटा कापू, असं काँग्रेसने १९८४ मध्ये ठरवलं आणि १९८७ च्या साउथ डकोटा विरुद्ध डोलमध्ये ते टिकलं.

आणखी एक मर्यादा आहे. काँग्रेस नागरिकांवर थेट कायदा करू शकते, पण राज्याच्या विधिमंडळाला अमुक कायदा करा असा हुकूम देऊ शकत नाही आणि राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देऊ नका, असं राज्यांना बजावणारा फेडरल कायदा २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या मर्फी खटल्यात याच कारणाने पडला. आज तिकडे मॅच लावली की सट्ट्याच्या जाहिराती दिसतात, त्या यानंतरच्या.

पायरी १०: आता उलट बाजू, राज्यांचे हात बांधणारं कलम

व्यापार कलम काँग्रेसला अधिकार देतं. न्यायालयाने त्यातून आणखी एक नियम काढला: काँग्रेसने काहीच कायदा केला नसला तरी राज्यांनी राज्याराज्यांमधला व्यापार अडवू नये. याला सुप्त व्यापार कलम म्हणू. घटनेत ते लिहिलेलं नाही, म्हणून न्यायमूर्ती थॉमस यांच्यासारख्यांना ते मुळातच मान्य नाही. मला ते १७८६ च्या त्या गोंधळाशी थेट जोडलेलं वाटतं.

वापरायला ते तसं सोपं आहे. आधी बघा, राज्याचा कायदा बाहेरच्यांशी भेदभाव करतो का? करत असेल तर तो बहुधा पडतो. न्यू जर्सीने बाहेरचा कचरा राज्यात टाकायला बंदी केली, १९७८ मध्ये ती रद्द झाली. मिशिगन आणि न्यूयॉर्कने आपल्या वायनरींना गिऱ्हाइकाच्या घरी थेट वाइन पाठवू दिली आणि बाहेरच्यांना अडवलं, २००५ मध्ये तेही रद्द. भेदभाव नसेल तर व्यापारावरचा बोजा राज्याच्या फायद्याच्या मानाने अगदीच अवाजवी आहे का, एवढं तपासतात. कॅलिफोर्नियाने मादी डुकराला किमान २४ चौरस फूट जागा दिल्याशिवाय तिच्या पिल्लांचं मांस राज्यात विकता येणार नाही, असा कायदा केला. राज्यात खपणारं डुकराचं जवळजवळ सगळं मांस बाहेरून येतं, तरी २०२३ मध्ये न्यायालयाने उत्पादकांचं म्हणणं फेटाळलं, कारण नियम घरच्यांना आणि बाहेरच्यांना सारखाच होता.

धंदा करणाऱ्यांनी २०१८ चा साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर नक्की वाचावा. आधी नियम असा होता की विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणूस राज्यात नसेल तर राज्याला त्याच्याकडून विक्रीकर गोळा करून घेता येत नाही. वेफेअरने ते मोडलं. साउथ डकोटाच्या कायद्यातली मर्यादा होती वर्षाला १,००,००० डॉलरहून जास्त विक्री किंवा २०० व्यवहार. त्यामुळे न्यू जर्सीत घरी बसून पैठण्या आणि दागिने पन्नास राज्यांत पाठवणाऱ्या मराठी बाईलाही प्रत्येक राज्याची मर्यादा बघावी लागते. मर्यादा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत आणि बदलतही असतात. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकलं तर कर सहसा तोच बाजार कापून भरतो; स्वतःच्या वेबसाइटवरून विकलं तर जबाबदारी तुमची. धंदा वाढायला लागला की लगेच सीपीएला, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाला, विचारा, दोन-तीन वर्षांची थकबाकी साचल्यावर नको.

पायरी ११: निकाल वाचायची पद्धत आणि थोडा सराव

हे सगळे निकाल जस्टिया, ओयेझ आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या साइटवर फुकट मिळतात. निकालाच्या डोक्यावर छोटा गोषवारा असतो, सिलॅबस नावाचा. दिशा कळायला तो वाचा, पण तो न्यायालयाच्या मताचा भाग नसतो, त्यामुळे त्यातलं वाक्य निकाल म्हणून उद्धृत करू नका. मग वस्तुस्थितीचा भाग संथपणे वाचा, त्यानंतर बहुमत, आणि लगेच भिन्नमत. भिन्नमत गाळायची चूक फार जण करतात. हॅमरमधलं होम्स यांचं भिन्नमत २३ वर्षांनी कायदा झालं. लोपेझची तोंडी सुनावणी ओयेझवर ऐकता येते. तो उत्तर न सापडलेला प्रश्न कानांनी ऐका.

सरावाला हे घ्या. लोपेझमध्ये कायदा पडल्यावर काँग्रेसने १९९६ मध्ये तोच कायदा एक अट घालून पुन्हा केला: ती बंदूक राज्याराज्यांमधल्या व्यापारातून आलेली किंवा अशा व्यापारावर परिणाम करणारी असली पाहिजे. आता बंदूक तीच, शाळा तीच, मुलगा तोच. वहीतल्या तीन ओळी भरा, मग पायरी ७ मधले चार प्रश्न एकेक करून लावा, आणि मगच त्या दुरुस्तीनंतर खालच्या फेडरल न्यायालयांनी काय ठरवलं ते शोधा. तुमचं उत्तर त्यांच्याशी जुळलं नाही, तर कोणत्या प्रश्नापाशी वाट फुटली ते वहीत लिहून ठेवा.